शेरा : हात लागतो

वनखात्यातल्या त्या मोजणीदाराला सगळे वरबघ्या म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. माणूस नाकासमोर चालणारा, फक्त नाक आभाळाकडे, असं त्याचं वर्णन ऑफिसच्या शिपायाने केलं होतं आणि ते खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं झाडांचे शेंडे पाहून पाहून त्याची मान मागे कलली ती कललीच. बसच्या थांब्यावर उभा राहिला तरी लोकांना वाटे, हा विमान शोधतोय. रस्त्यातल्या खड्ड्यात तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाय मोडला, आणि प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला हा विचारत होता, खिडकीबाहेरच्या झाडावर दिसतंय ते घरटं कावळ्याचं की खारीचं.

खारी मोजणं हेच त्याचं काम होतं. कुंपणावरून पळणाऱ्या चिमुकल्या खारी नव्हेत. ही जात मांजराएवढी, तांबूस अंगाची, शेपटी अंगापेक्षा लांब, आणि वागायला भलती मानी. झाडावर जन्मायचं, झाडावर मरायचं, मधल्या काळात जमिनीला पाय लावणं म्हणजे जणू कमीपणा. खरं तर कमीपणा नव्हे, भीती; जमिनीवर तिला धड पळता येत नाही. अशी खार दिसते क्षणभर, म्हणून मोजायची तिची घरटी. फांदीच्या बेचक्यात डहाळ्या आणि पानं गुंतवून केलेला फुटबॉलएवढा गोळा असतो. झाडाचा नंबर, बुंध्याची जाडी, उंची, सावली किती, घरटं आहे की नाही, एवढं फॉर्मात भरायचं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात बाकीचे मोजणीदार ‘निरंक’ लिहून मोकळे होत.

सावली मोजायला त्याच्याकडे एक आरसा होता. तळहाताएवढा, जरा फुगीर, त्यावर कोरलेले चोवीस चौकोन. झाडाखाली उभं राहून तो सपाट धरायचा आणि किती चौकोन पानांनी भरले, किती मोकळे, ते मोजायचं. त्याची बायको घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र घेऊन बसे. पॅंट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं असली दुरुस्तीची कामं करी. ती येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, आमच्या घरात आरसा माझ्यापेक्षा यांनाच जास्त लागतो, आणि त्यात बघतात कोणाला, तर झाडांना. तोही हसायचा. मूलबाळ नव्हतं, पण घर बोलकं होतं.

त्यांच्या भागातल्या सगळ्या जंगलात या खारी दोनच ठिकाणी उरल्या होत्या, सात नंबरच्या कक्षात आणि नऊ नंबरच्या. कक्ष म्हणजे कागदावर आखलेला जंगलाचा तुकडा. बाहेरच्या माणसाला दाखवायला मात्र साहेब लोक नेत चार नंबरला. तिथे झाडं कशी, तर कवायतीला उभी केल्यासारखी. एका वयाची, एका उंचीची, सरळ, जाडजूड, खाली झाडझुडूप नाही, वेलींचा गुंता नाही. फोटो छान येई. खार मात्र औषधाला नव्हती. सात नंबर दिसायला अगदीच गबाळं. म्हातारी पोकळ झाडं, त्यांच्या बगलेत पोरसवदा झाडं, मध्येच आडवं वाढलेलं एखादं, वेली वरपासून खालपर्यंत. या झाडाला फळ संपलं की त्या झाडाला लागायचं. खारीला बाळंतपणाला पोकळी, झोपायला बेचकं, खायला बारा महिने काही ना काही, आणि या सगळ्यात फिरायला वरच्या वर वाट. वरबघ्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि ते सांगताही येत नव्हतं.

सांगायला शिकवलं ते एका संशोधक बाईंनी. त्या एक हंगामभर आल्या होत्या. आरसा त्यांनीच दिलेला. जाताना त्या म्हणाल्या, आरशाला सावली कळते, पण दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकतात की नुसत्या जवळ आहेत, ते कळत नाही. ते तुम्ही बघा. खाली न उतरता खार या झाडावरून त्या झाडावर जाऊ शकते का, एवढंच बघा.

वरबघ्याने ते मनावर घेतलं. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून शेऱ्याचा रकाना कामी आला. रकाना इवलासा, तीन शब्द मावतील एवढा. ज्या झाडाच्या फांद्या शेजारच्या झाडाला टेकत, त्याच्यापुढे तो लिही, ‘हात लागतो’. टेकत नसतील तर ‘हात लागत नाही’. झाडांनी हातात हात धरलेत, असंच त्याला खालून दिसायचं, त्यामुळे दुसरा शब्द शोधायची गरजच पडली नाही. सात वर्षं त्याने असं लिहिलं. सात नंबरमधल्या दोनशे सोळा झाडांपुढे ‘हात लागतो’, नऊ नंबरमध्ये त्याहून जास्त. चार नंबरमध्ये एकाही झाडापुढे नाही. त्याला वाटायचं, कधीतरी कोणीतरी वरिष्ठ हे वाचेल, आणि सात नंबरला खार आहे, चारला नाही, ते का, हे एका नजरेत त्याला उमगेल.

मग सात नंबरची विरळणी निघाली. विरळणी म्हणजे दाटी कमी करायची. वाकडी, रोगट, मध्ये येणारी झाडं काढायची, चांगली वाढू द्यायची. वरबघ्या धावत साहेबांकडे गेला. त्या वेळचे साहेब तसे वाईट नव्हते, ऐकून घेणारे होते. त्यांनी विचार करून तोडगा काढला. ज्या ज्या झाडावर घरटं आहे त्याला पांढरा पट्टा मार, पट्ट्याच्या झाडाला करवत लागणार नाही, माझी जबाबदारी. वरबघ्या म्हणाला, साहेब, मधली झाडंही राहायला हवीत. साहेब म्हणाले, मधली सगळी ठेवली तर तोडायचं काय? घरटं असेल ते ठेवू, नियमात तेवढंच बसतं.

रंगाचा डबा घेऊन तो आठ दिवस सात नंबरमध्ये फिरला. एक्केचाळीस झाडांवर घरटी होती, एक्केचाळीस पट्टे मारले. रंग बराच उरला. उरलेला डबा हातात घेऊन तो एका आडव्या वाढलेल्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिला. घरटं नव्हतं त्यावर, पण सात नंबरमधल्या अर्ध्या खारी त्याच्या फांद्यांवरून ये-जा करायच्या. एक पट्टा मारला असता तर कोणी वर चढून बघणार नव्हतं. असे तीस-चाळीस पट्टे मारता आले असते. पण नाही त्या घरट्याची नोंद त्याने आयुष्यात केली नव्हती. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि तो परत आला.

तोडणाऱ्या टोळीचा मुकादम शब्दाचा पक्का निघाला. पट्ट्याच्या एकाही झाडाला त्याने ओरखडा येऊ दिला नाही. झाड पाडताना ते पट्ट्याच्या झाडावर पडू नये म्हणून दोर लावून उलट्या बाजूला ओढून पाडलं. तीन आठवड्यांनी वरबघ्याला बोलावून त्याने अभिमानाने दाखवलं, मोजून घ्या, एक्केचाळीस. मोजायची गरज नव्हती. एक्केचाळीस झाडं उघड्यावर उभी होती, एकेक सुटं, मध्ये चाळीस-पन्नास फूट नुसतं आभाळ. सतरा नंबरच्या झाडावर एक खार फांदीच्या टोकापर्यंत येई, थांबे, मागे जाई, दुसऱ्या फांदीच्या टोकापर्यंत येई. सकाळपासून तेच चाललं होतं. मुकादम म्हणाला, बघा, आहे की नाही अजून? वरबघ्याने मान हलवली. त्या भल्या माणसाला काय सांगणार?

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कोणाच्या तरी शर्टाची बटणं लावत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“म्हणजे बटणं ठेवली,” ती म्हणाली, “आणि कापड घेऊन गेले.”

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. सतरा नंबरची खार चौथ्या दिवशी खाली उतरली, आणि कुत्र्यांनी तिला वीस पावलंही जाऊ दिलं नाही. बाकीच्यांचं थोड्याफार फरकाने तेच झालं. काहींना घारीने उघड्या फांदीवरून उचललं, काही आपल्या झाडाची फळं संपल्यावर बसल्या जागी संपल्या. पुढच्या मोजणीला घरटी होती, पण वाळलेली, वाऱ्याने उसवत चाललेली. वरबघ्याने फॉर्मात प्रामाणिकपणे लिहिलं, घरट्याची झाडं एक्केचाळीस, वापरातली घरटी तीन. त्याच्या पुढच्या मोजणीला शून्य. रात्रंदिवस त्याच्या मनात तो उरलेला रंगाचा डबा होता. नको तिथे खरेपणा केला, असं तो म्हणायचा, आणि बायको म्हणायची, आता कानाला खडा लावा.

खरी कुऱ्हाड तर अजून पडायचीच होती. एकदा ऑफिसात रजेचा जुना अर्ज शोधताना कारकुनाने चार फायली टेबलावर काढून ठेवल्या. त्यातली एक सात नंबरच्या विरळणीची होती. वरबघ्याने सहज उघडली. पहिल्याच पानावर कारकुनाच्या टाइपात लिहिलं होतं, “मोजणीदाराच्या नोंदींवरून सदर कक्षातील दोनशे सोळा झाडांना हात लागत असल्याचे दिसून येते. मालाची आणखी चोरी होण्यापूर्वी विरळणी तातडीने हाती घेणे इष्ट.”

त्याने ते तीनदा वाचलं. मग कारकुनाला विचारलं, हे काय आहे. कारकून म्हणाला, तुम्हीच तर लिहिलंत वर्षानुवर्षं, झाडांना हात लागतो म्हणून. मीच साहेबांच्या नजरेला आणून दिलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याचा जन्म ऑफिसात गेलेला. तिथे कपाटाला हात लागतो, मालाला हात लागतो, आणि हात लागला की वस्तू जाते. झाडांनाही हात असतात हे त्याला कोण सांगणार? ध चा मा करायला दर वेळी वाईट माणूसच लागतो असं नाही, चांगला कारकूनही पुरतो. चोरांनी न्यायच्या आधी आपण काढून घेतलेली बरी, असा व्यवहारी विचार साहेबांनी केला. सात नंबर निवडलं गेलं ते वरबघ्याच्या अक्षराने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय?

त्याच आठवड्यात त्याने अर्ज लिहिला. अर्ज लिहायची सवय नव्हती; बायकोने शिवणयंत्रावरचं कापड बाजूला करून जागा दिली आणि दोघांनी मिळून तीन दिवसांत दोन पानं लिहिली. हात लागतो म्हणजे चोराचा नव्हे, फांदीला फांदी लागते. खारीला नुसतं घरटं असून उपयोग नाही, घरट्याकडे जायला वरून वाट हवी. जिथे हात लागत नाही तिथे घरटं असलं तरी ते वर्ष-दोन वर्षांत ओसाड पडतं, सात नंबरला तेच झालं. तेव्हा जिथे हात लागतो ते जंगल राखावं. खाली सही. अर्ज साहेबांनी वाचला की नाही कळलं नाही. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि तो फायलीत गेला. वर्ष गेलं, उत्तर आलं नाही. विचारलं की कारकून म्हणे, विचाराधीन आहे.

आणि नऊ नंबरच्या मोजणीची वेळ आली. त्याची शेवटची मोजणी. त्यानंतर साठलेली रजा आणि मग निवृत्ती. नऊ नंबरमध्ये त्रेपन्न घरटी मिळाली, सगळी वापरातली. एका पोकळीतून दोन पिल्लं डोकावत होती. आरशातल्या चोवीसपैकी तेवीस चौकोन पानांनी भरलेले. संध्याकाळी कोरे फॉर्म समोर घेऊन तो शिवणयंत्राशेजारी बसला आणि शेऱ्याच्या रकान्याशी अडला. खरं लिहावं तर ऑफिसात पुन्हा चोरीच वाचणार. रकाना कोरा ठेवावा तर मागच्या वर्षीचाच शेरा कायम धरतात. बायकोने गाठ मारून दोरा दातांनी तोडला.

“मग उलटं लिहा,” ती म्हणाली. “त्यांना जे वाचायचं ते वाचू दे. झाडं तरी राहतील.”

“सव्वीस वर्षांत खोटं लिहिलं नाही गं.”

“मागे खरं लिहून काय वाचवलंत?”

त्याने लिहायला घेतलं. ‘हात लागत नाही’. पहिल्या दहा झाडांना पेन अडखळलं, मग सरावलं. दोनशे एकोणनव्वद झाडांपुढे त्याने तेच लिहिलं. खालची सही नेहमीपेक्षा जरा बारीक आली, एवढंच.

मग तो रजेवर गेला. मान तपासून डॉक्टरने गळ्याला पट्टा घातला आणि चार महिने वर बघायचं नाही अशी ताकीद दिली. बायको म्हणाली, तुम्हालाही पट्टा मारला, आता तुम्हीपण राखीव. तो खूप दिवसांनी हसला. घरात बसून तो बटणं निवडून द्यायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा. ऑफिसात साहेब बदलल्याचं कानावर आलं. नवे साहेब तरुण आहेत, कागद वाचतात, म्हणे. वरबघ्याला बरं वाटलं. नऊ नंबर आठवलं की तो मनातल्या मनात म्हणायचा, एक खोटं होतं, पण सत्कारणी लागलं.

निरोपाच्या दिवशी ऑफिसात चहा झाला, भिंतीवरचं एक घड्याळ भेट मिळालं. नवे साहेब बोलायला उभे राहिले. मनापासून बोलले. म्हणाले, मी आल्यावर जुन्या फायली उघडल्या, त्यात या गृहस्थांचा अर्ज सापडला. दोन पानं, पण मला कॉलेजात पाच वर्षांत जे कळलं नाही ते त्यात होतं. जंगल म्हणजे झाडांची संख्या नव्हे, झाडांचा एकमेकांना लागलेला हात. मी लगेच नियमच केला, जिथे हात लागतो तिथे यापुढे करवत लागणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वरबघ्याचे डोळे भरून आले. त्याने पट्टा घातलेली मान कशीबशी खाली घातली.

साहेब पुढे बोलत होते. यंदाचं तोडणीचं उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं, आणि कोणता कक्ष द्यायचा याचा निर्णय त्यांनी या अर्जावरूनच घेतला. नऊ नंबरच्या ताज्या नोंदी त्यांनी स्वतः वाचल्या. एकाही झाडाला हात लागत नाही. घरटी होती, पण अर्जात लिहिल्याप्रमाणे अशा ठिकाणची घरटी वर्ष-दोन वर्षांत ओसाड पडणारच. तेव्हा यंदा पट्टे वगैरे मारण्यात वेळ न घालवता गेल्याच महिन्यात नऊ नंबर पूर्ण काढून घेतलं.

“तुमचा शब्द न् शब्द मानला,” साहेब त्याच्याकडे वळून म्हणाले.

वरबघ्या उठला. काहीतरी बोलायला म्हणून उठला होता. सगळे कौतुकाने त्याच्याकडे बघत होते. ते खोटं होतं साहेब, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणून आता काय उभं राहणार होतं? आणि हा एक माणूस, ज्याने त्याचं लिहिलेलं इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचलं, समजून घेतलं, त्याला काय तोंडाने सांगायचं? आभारी आहे, असं म्हणून तो खाली बसला. चहा गार झाला होता, तो त्याने प्यायला.

घरी जाताना तो नऊ नंबरजवळ बसमधून उतरला. बगलेत घड्याळ होतं. बुंधे जमिनीलगत कापलेले, ताजे, एकेकावर ओळखीचे नंबर. सवयीने त्याने खिशातून आरसा काढून तळहातावर सपाट धरला. मान वर करायची गरजच नव्हती. चोवीस चौकोन, चोवीसही मोकळे. साहेबांच्या नियमाने राखावं असं, हात लागणारं झाड आता सगळ्या भागात एकही उरलं नव्हतं. तो पुढच्या बसपर्यंत एका बुंध्यावर बसून राहिला.

बायको दारातच उभी होती. तिने घड्याळ हातातून घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, साहेब काय म्हणाले.

“माझा शब्द मानला, म्हणाले.”

तिचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत त्याने तिला इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं.

“बघा,” ती म्हणाली. “मी सांगितलं नव्हतं?”